देखावा आणि डाव : ऐतिहासिक युद्धखेळांचें एक परीक्षण

वाङ्मयविषयक मासिकांत खेळांच्या परीक्षणाला जागा कां द्यावी, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येण्याचा संभव आहे. त्यांस आमचें उत्तर असें कीं, नाटक, कादंबरी आणि बखर यांप्रमाणें ऐतिहासिक खेळही भूतकाळाविषयीं कांहीं तरी सांगत असतो. आणि जो सांगतो त्याच्या सांगण्याची पारख करणें हें टीकेचें कामच आहे. अलीकडे इतिहासावर रचलेले पटावरील युद्धखेळ, व चिमुकल्या रंगविलेल्या शिपायांच्या फौजा मेजावर मांडून लढावयाच्या लढाया, यांची हौस आपल्या सुशिक्षित घरांतही शिरूं लागली आहे. मुलगा असें एखादें खोकें घेऊन आला म्हणजे वडील विचारतात, “हा खेळ आहे कीं अभ्यास ?” आणि आई विचारते, “याला एवढे पैसे कशाला ?” दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु त्यांचीं उत्तरें देण्यापूर्वीं हे खेळ चांगले कशानें ठरतात व वाईट कशानें, हें पाहिलें पाहिजे.

युद्धाचा खेळ ही कल्पना आपणांस नवी नाहीं. बुद्धिबळाचा पूर्वज जो चतुरंग, त्याच्या नांवांतच हत्ती, घोडा, रथ व पायदळ हीं सैन्याचीं चार अंगें आहेत. परंतु बुद्धिबळांत इतिहास नाहीं. तेथें दोन्ही बाजूंचें बळ सारखें, रणभूमि सपाट, आणि शत्रूचें प्रत्येक मोहरें आपल्या डोळ्यांसमोर उघडें. खऱ्या लढाईंत यांपैकीं एकही गोष्ट सहसा आढळत नाहीं. ही उणीव भरून काढण्याचा एक मोठा यत्न प्रशियांत झाला. रायस्विट्झ नांवाच्या गृहस्थानें १८१२ सालीं असा एक खेळ तेथील राजापुढें मांडला, व १८२४ सालीं त्याच्या लष्करांतील मुलानें त्याचे सुधारलेले नियम छापले. यांत चौकटींच्या पटाच्या जागीं खराखुरा नकाशा आला, नशिबाचा वांटा फांशांकडे गेला, आणि दोन्ही पक्षांच्या मध्यें एक पंच बसला. एका पक्षाला दुसऱ्याचें जेवढें दिसणें शक्य, तेवढेंच तो पंच त्याला सांगे. पुढें १९१३ सालीं एच्. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकारानें ‘लिटल् वॉर्स’ हें लहानसें पुस्तक लिहून युद्धाचा खेळ घरांतल्या जमिनीवर आणला. त्याचे नियम मुलांसही समजण्याजोगे होते : पायदळानें एका खेपेस एक फूट चालावें, घोडदळानें दोन फूट, आणि खेळण्यांतल्या तोफेच्या गोळीनें जो शिपाई आडवा होईल तो मेला असें समजावें. वेल्स युद्धाचा भोक्ता नव्हता. मेजावरची लढाई दोनचार वेळां खेळून पाहिली म्हणजे खरी लढाई हा केवढा गोंधळ असेल तें ध्यानांत येतें, असेंच त्याचें म्हणणें होतें.

आतां आमच्या गांवाकडे वळूं. भिवंडी हें मागांचें गांव. अलीकडे तें गोदामांचेंही झालें आहे. दिवाळी आली म्हणजे मागांच्या खडखडाटांतही येथील मराठी आळ्यांतून मुलें किल्ला करावयास लागतात. दगडविटांचा व गोणपाटाचा सांगाडा, त्यावर चिखल, उतारावर अळीव किंवा मोहरी पेरून उगवलेली हिरवळ, खंदकांत पाणी, गुहेंत वाघ, माथ्यावर सिंहासनस्थ शिवाजीमहाराज, आणि पायऱ्यापायऱ्यांवर बाजारांतून आणलेलीं मावळ्यांचीं चित्रें. आम्हींही लहानपणीं असे किल्ले केले आहेत, व आजही ते पाहावयास आम्ही आवर्जून जातों. परदेशांतील हौशी माणसें चिमुकल्या रणभूमीसाठीं जी खटपट मेजावर करतात व जिच्यासाठीं पुष्कळ पैसे मोजतात, ती आपलीं मुलें पिढ्यान् पिढ्या अंगणांत चिखलानें करीत आलीं आहेत. त्यांच्या कौशल्याविषयीं आमच्या मनांत कौतुकच आहे.

परंतु टीकाकाराच्या दृष्टीनें पाहतां एक गोष्ट सांगितलीच पाहिजे : हा किल्ला देखावा आहे, डाव नव्हे. पहारेकरी जेथें ठेवला तेथेंच तो भाऊबीजेपर्यंत उभा असतो. शत्रु बहुधा नसतोच, आणि असलाच तर तो आधींच पडलेला असतो. गडावर पाणी किती दिवस पुरेल, दाणागोटा कोणत्या वाटेनें चढेल, तोफ कोणत्या बुरुजावर ठेवली असतां दरवाजा तिच्या माऱ्यांत येईल, हे प्रश्न त्या चिखलाला कोणी विचारीत नाहीं. मुलाला किल्ल्याचें रूप कळतें. त्याचें कारण कळत नाहीं. आपल्या पुष्कळशा ऐतिहासिक नाटकांचा आणि कादंबऱ्यांचा दोषही नेमका हाच आहे. त्यांत नायकाचा जय पहिल्या प्रवेशापासून ठरलेला असतो. त्यामुळें त्याला निर्णय असा कधीं घ्यावाच लागत नाहीं, आणि ज्याला निर्णय घ्यावा लागला नाहीं त्याचें शहाणपण वाचकाला दिसणार तरी कसें?

याचें उदाहरण दूर शोधावयास नको. भिवंडी तालुक्यांतच अंजूर हें गांव आहे. तेथील गंगाजी नाईक अंजूरकर यांनीं पोर्तुगिजांच्या अमलाखालची साष्टी व वसई सोडविण्यासाठीं पेशव्यांकडे खटपट केली. १७३७ सालीं मोहीम सुरू होऊन ठाण्याचा किल्ला मराठ्यांच्या हातीं आला. वसई मात्र मे १७३९ मध्यें पडली. या दोन वर्षांचा देखावा करावयाचा तर एक चित्र पुरे : तटावर भगवा आणि खालीं चिमाजीअप्पा. डाव करावयाचा म्हटला कीं प्रश्न उभे राहतात. वसईच्या बहुतेक बाजूंस पाणी व दलदल, तेव्हां हल्ला करावयाचा तो उत्तरेच्या जमिनीकडून. पावसापूर्वीं किल्ला पडला नाहीं तर मोर्चे पाण्यांत जाणार. गोव्याहून कुमक येऊं नये म्हणून तिकडेही एक फौज गुंतलेली. त्याच वर्षीं मार्चांत नादिरशहा दिल्लींत शिरलेला, म्हणून बाजीरावाचें लक्ष उत्तरेकडे. सुरुंगानें बुरुज उडवावा, तर उशिरां उडालेला सुरुंग आपल्याच माणसांचा घात करतो. अशा स्थितींत हल्ला आज करावा कीं आणखी आठ दिवसांनीं ? ज्या मुलानें हा प्रश्न एकदां स्वतः सोडवून पाहिला, आणि सोडवितांना तो हरला, त्याला चिमाजीअप्पाची योग्यता शंभर जयजयकारांहून अधिक कळेल. आणि जो मुलगा तटाच्या आंत बसला, त्यालाही कांहीं कळेल. उपासमार, खिंडार पडलेला बुरुज आणि न येणारीं गलबतें यांचा हिशेब करून किल्लेदारानें शेवटीं अटींवर किल्ला खालीं केला. आणि विजेत्यानें त्या शिबंदीला शस्त्रांनिशीं, सन्मानानें बाहेर जाऊं दिलें. त्या औदार्याचा अर्थ तटाच्या आंत बसल्याशिवाय समजत नाहीं.

यावरून आमची कसोटी वाचकांच्या ध्यानांत आली असेल. चांगला ऐतिहासिक खेळ तो, ज्यांत घडलेली गोष्ट पुन्हां घडण्याचा संभव असतो, पण ती अटळ नसते. आणि ज्यांत हरलेल्या पक्षाच्या जागीं बसण्यास शहाणा माणूस तयार होतो. या कसोटीला एक नवा खेळ लावून पाहूं. अमेरिकेंतील जी. एम्. टी. गेम्स या संस्थेनें २०२४ सालीं ‘विजयनगर’ या नांवाचा पट प्रसिद्ध केला. त्याचा काळ १२९० ते १३९८, व पक्ष तीन : दिल्लीची सुलतानी, बहामनी राज्य आणि विजयनगर. आरंभीं दिल्ली बलाढ्य, व दुसरे दोघे तिच्या छायेंतले सरदार; पुढें दक्षिण हळूहळू तिच्या मुठींतून निसटते, उत्तरेकडून मोंगल टोळ्यांचें भय असतें, आणि शेवटीं तैमूरलंगाची स्वारी उभी राहते. आम्ही हा खेळ एका स्नेह्यांच्या घरीं तीन वेळां खेळलों, आणि प्रत्येक वेळीं बाजू बदलून खेळलों. महंमद तुघलखानें १३२७ च्या सुमारास राजधानी देवगिरीस नेली, ही गोष्ट आम्हीं शाळेंत एका विक्षिप्त राजाची लहर म्हणून वाचली होती. दिल्लीच्या बाजूनें बसल्यावर, दक्षिणेंतले सरदार डोळ्यांदेखत हातचे जात असतां आपणही कांहीं असेंच करूं असें आम्हांस प्रथमच वाटलें. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. बहामनी आणि विजयनगर यांची गांठ आपल्या मनांत हिंदुमुसलमानांचें द्वंद्व म्हणून बसलेली आहे. पटावर बसलें म्हणजे आठवण होते कीं, १३४७ सालीं उभें राहिलेलें बहामनी राज्य हेंही दिल्लीविरुद्धच्या बंडांतून जन्मलें होतें.

या खेळांत दोष नाहींत असें नव्हे. नियम समजून घेण्यांतच आमची पहिली बैठक खर्चीं पडली. ज्या घरांत इंग्रजी सहज वाचलें जात नाहीं तेथें तर खोकें कपाटांतच राहावयाचें. याहून मोठा दोष असा कीं, तीन दरबारांस तीन जागा आहेत, रयतेला एकही नाहीं. ज्याचें शेत तुडवलें जातें तो या पटाभोंवतीं कोठेंच बसत नाहीं. हा दोष युद्धखेळांच्या साऱ्या जातीचाच आहे, आणि तो रचनाकारांस टाळतां येणार नाहीं असेंही नाहीं. याच संस्थेच्या २०१९ सालच्या ‘गांधी’ या खेळांत १९१७ ते १९४७ चा काळ घेतला असून इंग्रज सरकार, काँग्रेस, मुस्लिम लीग व क्रांतिकारक असे चार पक्ष मांडले आहेत. निःशस्त्र चळवळ हीही पटावर एक चाल होऊं शकते, हें तेथें दिसून येतें. ज्यांना असें वाटतें कीं या हौसेंत केवळ रक्तपाताचें कौतुक आहे, त्यांनीं हा खेळ अवश्य पाहावा.

बाजू बदलून बसण्यावर आम्ही एवढा भर कां देतों, हें भिवंडीच्या माणसाला फोडून सांगावयास नको. १९७० च्या मे महिन्यांत शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशीं या गांवांत दंगल उसळली, आणि १९८४ च्या मे महिन्यांत पुन्हां एकदां. दोन्ही वेळीं माणसें मेलीं, संसार उध्वस्त झाले. त्या दंगलींचीं कारणें सांगण्याचें हें स्थळ नव्हे, आणि पटावरच्या खेळानें दंगली थांबतील असा भोळा दावाही आम्ही करीत नाहीं. परंतु मिरवणुकींत इतिहास एकाच दिशेनें चालतो, व तिच्यांत चालणाराला समोरच्या ओट्यावर उभें राहून तीच मिरवणूक पाहण्याचा प्रसंग येत नाहीं. डावांत तो प्रसंग नियमानेंच येतो. ज्यानें दुपारीं एकदां बहामनी सुलतान होऊन हिशेब केला आहे, त्याला संध्याकाळीं शेजाऱ्याच्या पूर्वजांविषयीं बोलतांना थोडा विचार करावा लागतो. एवढें झालें तरी पुष्कळ झालें.

राहतां राहिला आईचा प्रश्न. परदेशीं खोकीं महाग असतात हें खरें, आणि रंगविलेल्या शिपायांच्या हौसेला तर अंतच नाहीं. पण आरंभ त्यांनींच केला पाहिजे असें मुळींच नाहीं. यंदा दिवाळी संपल्यावर किल्ला मोडूं नये. त्यावरचीं मावळ्यांचीं चित्रें दोन भागांत वांटावीं. एका भागाच्या बैठकीला निळा ठिपका द्यावा, दुसऱ्याच्या तांबडा. एक चित्र म्हणजे पन्नास माणसें असें धरावें. चिखलाच्या उतारावर एक फूट फार होतो, म्हणून पायदळाला वीत व घोड्याला दोन विती द्याव्या. चढावर अंतर निम्में करावें. दोन चित्रें भिडलीं कीं दोघांनीं फांसा टाकावा; तटाआड असेल त्याच्या दानांत एक मिळवावा. गडावरच्या पाण्यासाठीं दहा खडे ठेवावे व दर खेपेस एक उचलावा. खडे संपले कीं गड खालीं करावा. नियम एका कागदावर मावले पाहिजेत, व भांडण मिटविण्यास घरांतलें एक वडील माणूस पंच असलें पाहिजे. पहिला डाव संपला म्हणजे बाजू बदलून दुसरा अवश्य मांडावा. एकाच डावावर उठूं नये. नियमांत चूक निघाली तर मुलांनीं ती स्वतः दुरुस्त करावी, आणि दुरुस्तीचें कारण ग्रंथांत शोधावें. खेळ कोठें संपतो व अभ्यास कोठें सुरू होतो, हा वडिलांचा प्रश्न तेथें आपोआपच मागें पडतो.

अंजूरपासून वसई कांहीं फार दूर नाहीं. त्या मोहिमेवर मराठींत, मराठी नियमांचा, आपल्या मुलांस परवडेल असा एक चांगला पट कोणी रचील तर त्याचें परीक्षण याच पानांत करण्यास आम्हांस आनंद वाटेल. मात्र आमचा पहिला प्रश्न आतांच सांगून ठेवतों : त्या पटावर पोर्तुगिजांच्या बाजूनें खेळणाऱ्याला जिंकण्याची खरीखुरी संधि ठेवली आहे कीं नाहीं ?