वर्तुळ, वाटा आणि वर्णन : इंग्रजी प्रावीण्य-परीक्षेतील एका लेखनप्रकाराचे परीक्षण

परीक्षेसाठी लिहिल्या जाणाऱ्या गद्याकडे समीक्षकाची दृष्टी सहसा वळत नाही. ते गद्य एका वाचकासाठी लिहिलेले असते, तो वाचक त्यास गुण देतो आणि तेथेच त्याचे आयुष्य संपते. तथापि एखादा लेखनप्रकार जेव्हा असंख्य तरुणांकडून घोटून घेतला जातो आणि त्यावर त्यांचे पुढील शिक्षण अवलंबून राहते, तेव्हा त्या प्रकाराचे स्वरूप, त्याची तत्त्वे आणि त्याच्या अध्यापनातील दोष यांचा विचार करणे भाषेच्या अभ्यासकाचे कर्तव्य ठरते. प्रस्तुत लेखात अशाच एका लहानशा प्रकाराचा, म्हणजे वृत्तालेखाच्या इंग्रजी वर्णनाचा, विचार करावयाचा आहे.

आयईएलटीएस ही परीक्षा १९८९ मध्ये सुरू झाली. ब्रिटिश कौन्सिल, आयडीपी आणि केंब्रिज या तीन संस्था ती संयुक्तपणे चालवितात. तिच्या उच्चशिक्षणविषयक शाखेत लेखनाचे दोन प्रश्न असतात. पहिल्या प्रश्नात एखादी आकृती दिलेली असते आणि तिचे वर्णन किमान १५० शब्दांत, सुमारे २० मिनिटांत करावयाचे असते. दुसरा प्रश्न २५० शब्दांच्या निबंधाचा असून त्याचे वजन पहिल्याच्या दुप्पट आहे. पहिल्या प्रश्नाची सूचना थोडक्यात अशी : मुख्य वैशिष्ट्ये निवडा, ती सांगा आणि योग्य तेथे तुलना करा. लोणंद परिसरातील पदवीधरांनी सरावासाठी लिहिलेली अशी उत्तरे गेली काही वर्षे प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात येत आहेत. ती वाचताना प्रथम इंग्रजीच्या चुका डोळ्यांत भरतात. परंतु अधिक बारकाईने पाहता मूळ दोष इंग्रजीचा नसून वर्तुळाच्या वाचनाचा आहे, असे दिसून येते. याच विधानाचे विवरण पुढे केले आहे.

१

आपल्या शालेय पुस्तकांत या आकृतीस दोन नावे आहेत. गणितात तिला वृत्तालेख म्हणतात, भूगोलात विभाजित वर्तुळ. दुसरे नाव अधिक बोलके आहे, कारण विभागणी हाच या आकृतीचा एकमेव विषय होय. विल्यम प्लेफेअर याने १८०१ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात तुर्की साम्राज्याचा प्रदेश आशिया, युरोप आणि आफ्रिका या तीन खंडांत कसा विभागला आहे, हे वर्तुळाचे भाग पाडून दाखविले. हे या जातीचे पहिले ज्ञात चित्र मानले जाते. पुढे इंग्रजांनी त्यास आपल्या पक्वान्नाचे नाव दिले आणि फ्रेंचांनी आपल्या कामांबेर या चीजचे. मराठी माणसाला यांपैकी एकही पदार्थ आठवण्याची गरज नाही. भाकरीची चतकोर म्हटले की पूर्ण वर्तुळ, त्याचा चौथा भाग आणि त्या दोहोंचे नाते ही तिन्ही एका शब्दात येतात.

या आकृतीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा ही दोन्ही येथेच आहेत. क्लीव्हलंड आणि मॅकगिल या संशोधकांनी १९८४ मध्ये दाखवून दिले, की एका समान पट्टीवरील स्थानांची तुलना माणसाचा डोळा जितक्या अचूकपणे करतो, तितक्या अचूकपणे तो कोनांची तुलना करू शकत नाही. म्हणजे ५४ आणि ५७ यांतील भेद वर्तुळावरून कळणे कठीण; तो शेजारी छापलेल्या आकड्यावरून कळतो. वर्तुळ स्वतः जे सांगते ते निराळे आहे : निम्म्याहून अधिक, जेमतेम पाव, दोघे मिळून पाऊण. ज्या वर्णनात केवळ दशांश चिन्हासह आकडे उतरविलेले असतात आणि हे दुसरे काहीच नसते, ते वर्णन आकृतीचे नसून तिच्यावरील अक्षरांचे असते.

२

शिकवणीच्या वर्गांतून जे नमुना-उत्तर पाठ करविले जाते त्याचे स्वरूप ध्यानात यावे म्हणून एक उदाहरण घेऊ. जनगणनेतील आकडे सर्वांना उपलब्ध आहेत. महाराष्ट्रात २००१ मध्ये ग्रामीण लोकसंख्येचा वाटा ५७.५७ टक्के आणि शहरी लोकसंख्येचा ४२.४३ टक्के होता. २०११ मध्ये ते अनुक्रमे ५४.७८ आणि ४५.२२ टक्के झाले. अशी दोन वर्तुळे शेजारी ठेवली आहेत अशी कल्पना करावी. परीक्षेत भाग याहून पुष्कळ असतात. परंतु तत्त्व समजण्यास दोनच पुरेत. पाठ केलेल्या साच्यातील उत्तर, मराठीत सांगावयाचे तर, पुढीलप्रमाणे होईल :

"दिलेला वृत्तालेख महाराष्ट्राच्या लोकसंख्येविषयी माहिती दर्शवितो. २००१ मध्ये ग्रामीण लोकसंख्या ५७.५७ टक्के होती. शहरी लोकसंख्या ४२.४३ टक्के होती. २०११ मध्ये ग्रामीण लोकसंख्या कोसळून ५४.७८ टक्के झाली. शहरी लोकसंख्या उसळी मारून ४५.२२ टक्के झाली. यावरून लोक खेडी सोडून शहरात जात आहेत, हे स्पष्ट होते."

हे उत्तर प्रस्तुत लेखकाने रचलेले आहे. परंतु अशी उत्तरे ज्यांनी तपासली आहेत त्यांना ते अपरिचित वाटणार नाही. यात तीन दोष आहेत, आणि तिन्ही व्याकरणाच्या पलीकडचे आहेत.

पहिला दोष असा, की पहिले वाक्य प्रश्नातील शब्दांचीच पुनरुक्ती आहे. प्रश्नपत्रिकेतून उतरविलेले शब्द परीक्षक हिशेबात धरीत नाहीत. त्यानंतरची वाक्ये ही यादी आहे. परीक्षेच्या प्रसिद्ध निकषांतही यांत्रिक गणनेस पाचव्या श्रेणीच्या आसपासचे स्थान आहे. सातव्या श्रेणीसाठी समग्र चित्राचे स्पष्ट दर्शन अपेक्षित आहे. म्हणजे वर्ग जे घोटून घेतो ते परीक्षा मागतच नाही.

दुसरा दोष क्रियापदांचा. कोसळणे, उसळणे ही क्रियापदे काळाबरोबर हलणाऱ्या वस्तूची आहेत. लोणंदच्या बाजारात कांद्याचा भाव कोसळतो आणि उसळतो. परंतु त्याच बाजारात ओतलेल्या ढिगाची प्रतवारी कोसळत नाही. जाणता शेतकरी ढिगाकडे पाहून सांगतो, की निम्मा माल एक नंबर, पाव हिस्सा गोलटी, उरलेला चिंगळी. भावाचे वर्णन हे रेषालेखाचे वर्णन होय आणि प्रतवारीचे वर्णन हे वर्तुळाचे. हा भेद ज्याला आडत्यासमोर उभे राहून कळतो, त्याला तो परीक्षेच्या खोलीत कळू नये, याचे कारण त्याचे अज्ञान नव्हे. आकृती कोणतीही असो, त्याला क्रियापदांची एकच यादी दिली गेली, हे त्याचे कारण आहे.

तिसरा दोष सर्वांत गंभीर आहे, कारण तो असत्यविधानाचा आहे. "ग्रामीण लोकसंख्या कोसळली" हे खरे नाही. २००१ मध्ये महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात सुमारे ५ कोटी ५८ लक्ष माणसे होती आणि २०११ मध्ये सुमारे ६ कोटी १६ लक्ष. म्हणजे ग्रामीण लोकसंख्या सुमारे ५८ लाखांनी वाढली. घटला तो तिचा वाटा. वर्तुळ वाटा सांगते, संख्या सांगत नाही. ज्याने हा भेद ओलांडला त्याने भाषेची चूक केली नाही, वस्तुस्थितीची केली.

३

येथे मराठीच्या व्याकरणाकडे वळणे इष्ट होय. इंग्रजीत वाढीचे क्रियापद कर्त्यानुसार बदलत नाही. वाटा असो, संख्या असो, भूतकाळी रूप एकच. मराठीत तसे चालत नाही. वाटा वाढला, संख्या वाढली, प्रमाण वाढले : तीन नामे, तीन लिंगे आणि क्रियापदाची तीन रूपे. आपण कशाविषयी बोलत आहो हे मराठी वक्त्याला वाक्य संपण्यापूर्वी ठरवावेच लागते. "शहरी लोकांचा टक्का वाढला" आणि "शहरी लोकांची संख्या वाढली" ही दोन वाक्ये मराठी कानाला कधीही एक वाटत नाहीत.

याचप्रमाणे "पंचेचाळीस टक्के लोक शहरात राहतात" या वाक्यात लोक हे मुख्य नाम असून टक्के हे त्याचे विशेषण आहे. "शहरी लोकांचे प्रमाण पंचेचाळीस टक्के आहे" या वाक्यात प्रमाण हे मुख्य नाम आहे. इंग्रजीतही अशा दोन रचना आहेत, आणि दुसऱ्या रचनेत क्रियापद एकवचनी ठेवावे लागते. विद्यार्थी तेथे अनेकवचन लिहितो, कारण जवळच्या 'पीपल' या शब्दाने त्याला ओढलेले असते. ही चूक नियम सांगून जितकी सुधारते त्याहून अधिक, या दोन मराठी वाक्यांतील भेद दाखविल्याने सुधारते, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे.

भाषेबरोबर एक जुनी व्यवहारपरंपराही आहे. १९५७ मध्ये दशमान नाणी येईपर्यंत रुपयाचे सोळा आणे होते आणि महसुली कारभारात पिकाची आणेवारी ठरविली जात असे. पुढे तिची पैसेवारी झाली. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक, आठ आणे म्हणजे निम्मे. खंडाळा तालुक्यासारख्या अवर्षणाच्या छायेतील मुलखात या शब्दांचे मोल प्रत्येक घराला ठाऊक होते. वाट्याने शेती करणे, तिसरा हिस्सा देणे, शंभरापैकी, शेकडा इतके : हा सर्व शब्दसंभार म्हणजे वर्तुळाच्या वर्णनाचीच भाषा होय.

मराठी सर्वत्र साहाय्य करते असे मात्र नाही. ४२.४३ वरून ४५.२२ हा बदल आपण "पावणेतीन टक्क्यांनी वाढ" असा सांगतो. वस्तुतः मूळ वाट्याच्या मानाने ती वाढ सुमारे ६.६ टक्के आहे. आजच्या मराठीत दोहोंना टक्का हा एकच शब्द आहे. आण्यांच्या भाषेत हा घोटाळा होत नसे. सहा आण्यांचे पीक आठ आण्यांवर गेले, तर ते दोन आण्यांनी वाढले. मूळच्या मानाने ते तिसऱ्या हिश्शाने वाढले, ही गोष्ट निराळी आणि तिचा शब्दही निराळा. इंग्रजीत टक्क्यांतील अंतरासाठी 'पर्सेंटेज पॉइंट' असा स्वतंत्र शब्दप्रयोग आहे. तो येथे आवर्जून शिकविला पाहिजे.

४

आता परीक्षेविषयी. आकृतीत नाही ते लिहू नये, हा तिचा दंडक प्रथमदर्शनी जाचक वाटतो. "लोक खेडी सोडून शहरात जात आहेत" हे वाक्य आपल्या विद्यार्थ्याला अगदी स्वाभाविक वाटते, कारण त्याच्या घरातून कोणी ना कोणी पुण्याला गेलेले असते. परंतु वर्तुळ हे सांगत नाही. जनगणनेत नगरपालिका, नगरपंचायत इत्यादी वैधानिक नगरांखेरीज ज्या वस्तीची लोकसंख्या किमान ५,०००, घनता चौरस किलोमीटरला किमान ४०० आणि जेथील पुरुष मुख्य कामकऱ्यांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात असतात, तिलाही नगर समजतात. अशा जनगणना-नगरांची संख्या भारतात २००१ मध्ये १,३६२ होती, ती २०११ मध्ये ३,८९४ झाली. म्हणजे शहरी वाटा वाढण्यास माणसाने गाव सोडावेच लागते असे नाही. कधी कधी गावाचीच गणना शहरात होते. लोणंदला आज नगरपंचायत आहे. ग्रामपंचायतीच्या काळात ज्या घरात माणूस राहत होता त्याच घरात तो आहे. नोंद मात्र बदलली. तेव्हा आकृतीबाहेर न जाण्याचा दंडक हा केवळ परीक्षेचा नियम नसून विचाराची शिस्त आहे, हे मान्य केले पाहिजे.

तथापि या परीक्षेची एक उणीवही सांगितली पाहिजे. ती आकृतीला अंतिम मानते. पूर्ण वर्तुळ कशाचे, त्याच्या भागांच्या सीमा कोणी आखल्या, हा प्रश्न ती विद्यार्थ्यापुढे कधीच ठेवीत नाही. ज्या विद्यापीठांत प्रवेशासाठी ही परीक्षा द्यावयाची तेथे पहिल्याच वर्षी हा प्रश्न त्याला विचारला जाईल. म्हणून परीक्षेची तयारी आणि उच्चशिक्षणाची तयारी या एकच होत, असे समजण्याचे कारण नाही.

साच्यांच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो, की भेदरलेल्या विद्यार्थ्याला पहिले वाक्य तरी सुचते. यात तथ्य आहे. अर्ध्या श्रेणीने प्रवेश हुकलेला तरुण ज्याने पाहिला आहे तो या भीतीस हसणार नाही. परंतु आधार पहिल्या वाक्याचा नसावा, पहिल्या निरीक्षणाचा असावा. वरील दोन वर्तुळांविषयी विद्यार्थ्याला प्रथम मराठीत विचारावे : एका नजरेत काय दिसते? तो म्हणेल, "दोन्ही वर्षी निम्म्याहून अधिक लोक ग्रामीण भागातलेच, पण आघाडी कमी झाली." हेच समग्र चित्र. मग आकडे : दोन वाट्यांतील अंतर २००१ मध्ये सुमारे १५ होते, ते २०११ मध्ये साडेनऊवर आले. यानंतर इंग्रजी. विचार ठरलेला असल्याने आता त्याला शब्द शोधावयाचे आहेत, आशय नव्हे. आणि वीस मिनिटे त्या कामास अपुरी पडत नाहीत.

आपल्या राज्याच्या शालान्त परीक्षेतही इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत माहितीचे रूपांतर करण्याचा प्रश्न असतो, आणि त्याच मुलांना गणितात वृत्तालेख व भूगोलात विभाजित वर्तुळ शिकविले जाते. हे तीन तास एकमेकांना ओळखत नाहीत. त्यांची ओळख घडवून आणणे हे शिक्षकांच्या हाती आहे. भाषाविभागांनी या कामाकडे हलके काम म्हणून पाहू नये. आकृतीतून वाक्य काढताना विद्यार्थी कोणत्या नामाला कर्ता करतो, याचा पद्धतशीर अभ्यास मराठीत अद्याप व्हावयाचा आहे. पदव्युत्तर वर्गातील एखाद्या अभ्यासकाने तो हाती घेतल्यास त्याचा उपयोग वर्गापुरता राहणार नाही.