दिसते तेच संगणक वाचतो का?

लातूर-नांदेडची शिकवणी छापील नोट्स आणि सराव प्रश्नपत्रिकांवर चालते. ज्यांना दिसत नाही किंवा पुस्तक हातात धरता येत नाही, त्यांनी काय करायचे?

कायदा आड येत नाही. २०१२च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्यात अशा वाचकांसाठी पुस्तकाचे रूप बदलण्याची मुभा मिळाली. अशा पुस्तकांच्या देवाणघेवाणीचा माराकेश करार २०१४मध्ये सर्वांत आधी भारताने मान्य केला. २०१६मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालयही सुरू झाले.

अडते ते आपल्या टंकलेखनात. युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये आपल्याला ‘क’ दिसतो. संगणकाच्या लेखी मात्र ती रोमन अक्षरे किंवा चिन्हे असतात. वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर तीच उच्चारते आणि मुलाच्या कानावर निरर्थक आवाज पडतात. ध्वनिमुद्रित पुस्तकही ‘आकृती पाहा’ एवढेच म्हणून पुढे गेले, तर विज्ञान तिथेच सुटते.

म्हणून प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये टंकावी आणि आकृतीचे वर्णन लिहावे : ‘बहिर्गोल भिंग, मुख्य अक्षाला समांतर आलेले किरण पलीकडे नाभीत मिळतात.’ हे शब्दांत सांगता येत नसेल, तर आकृती आपल्यालाच नीट कळलेली नाही, असे आम्ही म्हणू.