छाया आणि सावली

अमरकोशाने छाया या शब्दाचे चार अर्थ एकत्र दिले आहेत: सूर्याची पत्नी, कांती, प्रतिबिंब आणि उन्हाचा अभाव. मराठी वाचकास यांपैकी शेवटचा तेवढा घरचा वाटतो. पहिला पुराणात राहिला, दुसरा तर बहुतेक विस्मृतीत गेला. तेजास आणि तेजाच्या अभावास एकच शब्द असावा, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक दिसते खरे. परंतु मेघदूतात गंभीरेच्या निर्मळ पाण्यात मेघ शिरतो तो छायारूपानेच, हे ज्यांनी वाचले आहे त्यांस हा शब्द निव्वळ काळोखाचा नव्हे हे सांगावयास नको.

पुराणातील कथाही अर्थपूर्ण आहे. सूर्याचे तेज न सोसून संज्ञा निघून गेली आणि आपल्या जागी आपली छाया ठेवून गेली. ही छाया संसार करते, शनीची आई होते, आणि संज्ञेच्या मुलांशी दुजाभाव करते तेव्हा उघडकीस येते. रूपात कोठेच उणे नाही. उणे पडले ते मायेत.

मराठीने छाया हा शब्द ठेविला, पण रोजचा व्यवहार सावलीकडे सोपविला. झाडाची सावली, वडिलांचे छत्र, दुष्काळाचे सावट, भिंतीवरील पडछाया, यांतील शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. बांधावरच्या आंब्याखाली टेकलेला शेतकरी ‘छायेत’ बसत नाही. आमच्या नव्या कवितेत मात्र हा विवेक सुटत चालला आहे. सावली म्हटली की खिन्नता, भय, मृत्यू, असे इंग्रजी काव्याच्या सहवासाने ठरून गेल्यासारखे दिसते. ज्या देशात ऊन पाहुण्यासारखे येते तेथे ते शोभतही असेल. आमची भाषा वैशाखात अनवाणी चाललेल्या माणसांची आहे. तिच्यात सावली हे मुळात सुखाचे नाव.

मात्र सावलीचा एक भयंकर अर्थ आमच्या समाजाने स्वतःच घडविला, त्यासाठी परक्या काव्याकडे जावे लागले नाही. डॉ. आंबेडकरांनी 1936 साली लाहोरच्या सभेसाठी लिहिलेल्या, पण प्रत्यक्षात न झालेल्या भाषणात पेशवाईतील स्थिती सांगितली आहे: समोरून सवर्ण येत असता अस्पृश्याने सार्वजनिक रस्त्यावर येऊ नये, कारण त्याच्या सावलीने विटाळ होईल. झाडाची सावली पुण्याची आणि माणसाची पापाची! सावलीची कोमल उपमा सहज वापरणाऱ्या लेखकाने हा अर्थ ध्यानी ठेवावा, असे आम्हांस वाटते.

साहित्यात या शब्दाचा सर्वांत खोल उपयोग, आमच्या मते, भवभूतीने केला. हा कवी विदर्भातील पद्मपूरचा, म्हणजे आमच्याच भूमीतला. उत्तररामचरिताचा तिसरा अंक ‘छाया’ या नावाने ओळखला जातो. सीतात्यागानंतर बारा वर्षांनी राम पंचवटीच्या परिसरात येतो. भागीरथीच्या प्रभावाने सीता तेथे आहे, पण वनदेवता वासंतीसही ती दिसत नाही. तमसा नदी तेवढी तिला पाहते व तिच्याशी बोलते. राम मूर्च्छित पडतो आणि सीतेच्या स्पर्शाने सावध होतो. वासंती त्यास कठोर शब्दांत जाब विचारते, आणि तो जाब जिच्या वतीने विचारला जात आहे ती शेजारीच उभी राहून ऐकते, इतकेच नव्हे तर पतीची कीव येऊन वासंतीलाच मनात दोष देते. छाया कोण, हा प्रश्न येथे खरोखर पडतो. सीता अदृश्य असूनही शाबूत आहे. राम दिसतो, बोलतो, रडतो, आणि तरी पूर्वीच्या रामाची केवळ सावली उरला आहे. अंकाचे नाव दोघांसही लागू पडते.

येथेच एका दुसऱ्या छायेचा विचार करणे प्राप्त आहे. तमसा व वासंती या स्त्रिया असूनही देवतारूप म्हणून संस्कृत बोलतात. सीता प्राकृत बोलते. संस्कृत नाटकांच्या छापील आवृत्त्यांत प्राकृत वाक्यांखाली त्यांचे शब्दशः संस्कृत रूपांतर देतात, त्यास छायाच म्हणतात. सोय मोठी खरी. परिणाम असा की विद्यार्थी मूळ ओळ ओलांडून थेट छायेवर उतरतो. शकुंतला, अनसूया, प्रियंवदा आणि विदूषक या सर्वांचा स्वतःचा आवाज त्याच्या कानी पडत नाही. दुष्यंताच्याच भाषेत सारे बोलू लागतात. सीतेवर तर हा अन्याय दुहेरी होतो. रामास ती दिसत नाही, आणि वाचकास ती ऐकू येत नाही.

गाथासप्तशतीचीही तीच दशा. ही माहाराष्ट्री, मराठीची पूर्वज. तिच्या गाथांतील शेते, नद्या, घरे आमच्याच मुलखातली. तरीही आमचा सुशिक्षित वाचक त्या गाथेपाशी संस्कृताची काठी टेकीत जातो. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने मराठीस आणि प्राकृतास एकाच दिवशी अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या निमित्ताने प्राकृत ग्रंथांच्या नव्या आवृत्त्या निघाल्या, तर संस्कृत छाया पुस्तकाच्या शेवटी न्यावी आणि मूळ ओळीसमोर मराठी अर्थ द्यावा, एवढीच आमची सूचना आहे. पुष्कळ शब्दांपाशी अर्थाचीही गरज पडणार नाही.