आम्लामुळे की आम्लासोबत?

तत्त्वज्ञानाचा माणूस आज ग्राफीन ऑक्साइडवर काय बोलणार, असा प्रश्न काही चेहऱ्यांवर दिसतोय. आम्ही रसायनशास्त्रज्ञ नव्हे. पण वर्षानुवर्षं तर्कशास्त्र शिकवलं आणि ‘मुळे’ हा शब्द दिसला की अजूनही थबकतो. मध्यंतरी लातूरकडचा एक संशोधक विद्यार्थी प्रबंधाचा मसुदा घेऊन नांदेडला घरी आला. त्यातला निष्कर्ष असा: “आम्लता वाढल्यामुळे ग्राफीन ऑक्साइडची द्रवस्फटिक अवस्था नष्ट होते.” पोराची तीन वर्षं या एका वाक्यावर उभी होती. आजची टीका या वाक्यावर आहे, पोरावर नाही. हे वाक्य त्याचं एकट्याचं नाही, पुष्कळ ठिकाणी असंच लिहिलेलं सापडतं.

आधी वस्तू समजून घेऊ. पेन्सिलीत असतं ते ग्राफाइट. त्याचं तीव्र ऑक्सिडीकरण केलं की त्याचे पापुद्रे पाण्यात सुटे होतात. ब्रॉडी यांनी हे १८५९ मध्ये केलं. आज प्रयोगशाळेत चालते ती हमर्स आणि ऑफमन यांची १९५८ची पद्धत, थोडेफार फेरफार करून. पापुद्र्याची जाडी साधारण एक नॅनोमीटर आणि रुंदी काही मायक्रॉन, म्हणजे जाडीच्या हजारो पट. असे पापुद्रे पाण्यात पुरेसे झाले की आपोआप एका दिशेला तोंड करून राहतात. पाणी वाहतंच, पण आत रांग असते. याला द्रवस्फटिक म्हणतात.

ही रांग लावतं कोण? लार्स ऑन्सागर यांनी १९४९ मध्ये दाखवलं की त्यासाठी आकर्षण लागतच नाही, दाटी पुरते. डब्यात पापड कसेही कोंबले तर जागेवर अडकतात. एका दिशेनं लावले की हलायला जागा उरते. वळण्याचं स्वातंत्र्य सोडायचं आणि सरकण्याचं मिळवायचं, असा हा सौदा आहे. आमच्या जुन्या विषयाला हे चांगलंच झोंबतं, पण ते पुन्हा कधीतरी.

मात्र या सौद्याला एक अट आहे: पापुद्रे एकमेकांना चिकटता कामा नयेत. कडांवरचे कार्बॉक्सिल गट पाण्यात हायड्रोजन आयन सोडतात, पापुद्र्यावर ऋणभार येतो आणि ते परस्परांना दूर ठेवतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतून २०१२ मध्ये आलेल्या मोजणीत सर्वांत आम्लधर्मी गटांचा पीकेए ४.३ मिळाला. पीएच २ वर आणला तर या गटांवर भार जवळजवळ उरतच नाही. इथपर्यंत विद्यार्थ्याचं बरोबर.

आता स्वयंपाकघरात चला. दुधात लिंबू पिळलं की दूध फाटतं. पीएच ४.६ च्या आसपास केसीनचा एकूण भार शून्य होतो, म्हणून फाटतं. तिथं ‘आम्लामुळे’ म्हणा, बिनधास्त म्हणा. पण पावसाळ्यात गोदावरीच्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवतो तेव्हा? तुरटीनंही पाणी थोडं आम्लधर्मी होतं, आणि गाळ बसतो. म्हणून गाळ आम्लानं बसला का? नाही. काम ॲल्युमिनियमचं आहे. आपल्या काळ्या मातीतले चिकणमातीचे कण चपटे आणि ऋणभारित असतात. तीन धनभारांचा तो आयन आणि त्याचे हायड्रॉक्साइडचे पुंजके त्यांना गोळा करतात. आम्लता नुसती सोबत आली.

ग्राफीन ऑक्साइडच्या बाटलीत या दोन्ही गोष्टी एकदम घडतात, आणि अडचण इथंच आहे. हायड्रोक्लोरिक आम्ल घालून पीएच २ केला म्हणजे लिटरला ०.०१ मोल आयनही आत आले. तेवढ्यानं विद्युत प्रतिकर्षणाची पोच तीनेक नॅनोमीटरवर येते. पीएच ३ ला ती दहाच्या आसपास असते. म्हणजे भार गेला आणि उरलेल्या भाराला पडदाही पडला. रांग कशानं मोडली?

मिल सांगून गेला, एका वेळी एकच गोष्ट बदला. दुसऱ्या बाटलीत ०.०१ मोल साधं मीठ घाला. आयन तेवढेच, पीएच जवळपास मूळचा. मसुद्यात ही बाटली नव्हती. अल्कलीकडेही तोच घोळ: जास्त सोडा घातला की भार वाढतो आणि पडदाही वाढतो. शिवाय तीव्र अल्कलीत, विशेषतः गरम केल्यावर, ऑक्सिजनचे गट निघून जाऊन पदार्थच बदलतो.

‘नष्ट होते’ हेही घाईचं. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठातून २०१४ मध्ये आलेल्या कामात पीएचनुसार होणाऱ्या बदलाच्या वाटेवर मधला पट्टा मिळाला. त्यात सुमारे वीस मायक्रॉनचे थेंब दिसले, बाहेर रांग आणि पोटात अव्यवस्था. आहे आणि नाही यांच्यामध्ये बरंच काही राहतं.

हे सगळं सांगितल्यावर पोरगं जरा खट्टू झालं. आम्ही विचारलं, बाटली हलवून किती वेळानं बघतोस? म्हणाला, लगेच. अरे, हलवलेल्या पाण्यात प्रवाहानंच पापुद्रे वळतात आणि आडव्या ध्रुवकांमध्ये ते उजळ दिसतं! सध्या त्यानं मिठाच्या बाटल्या लावल्यात, आणि बघण्याआधी रात्रभर स्थिर ठेवतो.