‘अर्धसत्य’मधील कोठडी: बळाचा वापर, कायदा आणि प्रेक्षकाची सहानुभूती

गोविंद निहलानी दिग्दर्शित ‘अर्धसत्य’ (१९८३) हा हिंदी चित्रपट श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या मराठी कथेवर आधारलेला असून त्याची पटकथा विजय तेंडुलकर यांची आहे. प्रामाणिक फौजदार, भ्रष्ट व्यवस्था आणि त्या दोहोंमध्ये पिळवटून निघालेले मन अशा अंगानेच या चित्रपटाची चर्चा बहुधा झाली. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. पोलिसाने बळ केव्हा, किती आणि कोणावर वापरावे, या कसोटीवर हा चित्रपट काय सांगतो आणि काय झाकतो, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

फौजदार अनंत वेलणकर याच्या हातून दोन माणसे मरतात. पहिला किरकोळ चोरीच्या संशयावरून पकडलेला एक गरीब माणूस. तो कोठडीतील मारहाणीत दगावतो. दुसरा रामा शेट्टी हा गुंड व राजकारणी. निलंबनातून सुटका व्हावी म्हणून वेलणकर त्याच्याकडे जातो आणि अपमान असह्य होऊन त्याचा गळा आवळतो. प्रेक्षकांच्या स्मरणात दुसरा मृत्यू राहिला. पहिला मात्र नायकाच्या शोकांतिकेतील एक पायरी होऊन गेला. त्या चोराविषयी आपल्याला फारसे काही कळतही नाही.

कायद्याची दृष्टी नेमकी उलट आहे. त्याच्या लेखी पहिला मृत्यू गौण नाही. चित्रपटाच्या काळी लागू असलेल्या १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत अटकेस विरोध झाल्यास आवश्यक तेवढे बळ वापरण्याची मुभा होती. पण पळून जाण्यास प्रतिबंध करण्यापुरतेच बंधन घालावे, हेही कलम ४९ मध्ये सांगितले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही हे तत्त्व कायम आहे. कबुलीसाठी मारहाण करणे हा तर पूर्वीही स्वतंत्र गुन्हा होता आणि आजही आहे. शिवाय पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून सिद्ध करता येत नाही. म्हणजे कोठडीतली मारहाण अमानुष तर आहेच, कायद्याच्या हिशेबातही ती व्यर्थ आहे. पुढे डी. के. बसू खटल्यात (१९९६) सर्वोच्च न्यायालयाने अटकेची नोंद, नातेवाइकांना खबर, वैद्यकीय तपासणी अशा अकरा सूचना घालून दिल्या. बंद दाराआड एकटा सापडलेला माणूस हाच त्या सूचनांचा केंद्रबिंदू आहे.

वेलणकर मारायला शिकला कोठे? त्याच्या औपचारिक प्रशिक्षणापेक्षा चित्रपट भर देतो तो बापावर. बाप स्वतः पोलिसातला, आईवर हात उगारणारा, मुलाला सक्तीने खात्यात घालणारा. येथे तेंडुलकरांची नजर फार खोल जाते. कवायत आणि कलमे अकादमीत शिकवली जातात. पण समोरचा दुबळा असला की हात सैल सोडावा, हा धडा घर आणि ठाणे मिळून गिरवून घेतात. संयुक्त राष्ट्रांच्या १९९० च्या हवाना तत्त्वांनी प्रशिक्षणात मानवी हक्क, गर्दीच्या वर्तनाची जाण, समजूत घालणे व वाटाघाट करणे यांवर भर दिला. बळाच्या प्रसंगांतून गेलेल्या पोलिसांना मानसिक ताणासाठी समुपदेशन मिळावे, असेही त्यांत म्हटले आहे. वेलणकरच्या वाट्याला आली ती दारूची बाटली आणि वशिल्याचे मार्ग सुचवणारा सहकारी हैदर अली.

चित्रपटाची खरी उणीव कार्यकारणाच्या मांडणीत आहे. शेट्टीला अटक करायला गेलेल्या वेलणकरला एका फोनमुळे हात हलवत परतावे लागते, जिवावर उदार होऊन केलेल्या कामगिरीचे श्रेय दुसऱ्याला मिळते आणि त्यानंतर तो कोठडीत बेभान होतो. हा क्रम मानसशास्त्रीयदृष्ट्या पटणारा आहे. पण त्यातून असा समज होतो की राजकीय दडपण हटले की मारहाण आपोआप थांबेल. प्रकाश सिंह खटल्यातील (२००६) सात निर्देशांत हे दोन प्रश्न वेगळे ठेवलेले दिसतात. राजकीय दडपणाविरुद्ध राज्य सुरक्षा आयोग व निश्चित कार्यकाळ सुचवला गेला, तर अत्याचाराच्या चौकशीसाठी स्वतंत्र पोलीस तक्रार प्राधिकरण. स्वतंत्र झालेला पोलीस संयमी असेलच असे नाही. चित्रपटातच याचा दाखला आहे. वस्तीतील गुंडांना वेलणकर बेदम मारतो तेव्हा त्याच्यावर वरून दडपण नसते, आणि आपण मनातून त्याला दादच देतो. चोराच्या मृत्यूची सुरुवात त्या दादेत आहे.

येथे भाषेकडेही लक्ष वेधावेसे वाटते. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत रुळलेले ‘हवालदार’, ‘हवालात’, ‘हवाली करणे’ हे शब्द अरबी ‘हवाला’पासून आले. मूळ अर्थ सोपवणे, जिम्मा देणे. हवालदार म्हणजे ज्याच्याकडे जिम्मा आहे तो, आणि हवालातीतला माणूस म्हणजे सोपवलेली अमानत. कायद्याने कलमांतून जे सांगितले ते या शब्दांत आधीपासूनच होते. ‘हवालात’ उच्चारताच छातीत धडकी भरावी, ही व्यवहाराची कमाई आहे.

‘अर्धसत्य’चे मोठेपण शेवटात आहे. शेट्टीला मारल्यावर वेलणकर पळत नाही, स्वतःला कायद्याच्या हवाली करतो. नायकाचा सूड हाच न्याय, असे चित्रपट म्हणत नाही. पुढच्या काळातील कितीतरी पोलीसपटांनी चकमकीचा जयजयकार केला, तेव्हा या संयमाचे मोल अधिकच जाणवते. पोलीस प्रशिक्षणात हा चित्रपट जरूर दाखवावा. मात्र तो संपल्यावर प्रशिक्षणार्थींना एक प्रश्न विचारावा: कोठडीत मेलेल्या त्या माणसाचे नाव काय होते? वर्ग निरुत्तर राहिला, तर शिकवणी तेथून सुरू करावी.