ट्रिपल फोरची दोन गावे

पत्त्याखालच्या सहा चौकटींत अकोल्याचा माणूस ४४४००१ लिहितो, अमरावतीचा ४४४६०१. तोंडी सांगताना मात्र दोघेही ‘ट्रिपल फोर’ एका दमात उरकतात आणि उरलेल्या तीन अंकांवर आपापल्या गावाचा ठसा उमटवतात. श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत कवीने सरकारी सेवेत असताना आखलेली ही पिनकोडची व्यवस्था १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. टपाल चुकू नये, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. त्यामुळे तिच्यात अनाहूत सौंदर्य गवसले की आपला आनंद दुणावतो.

देवळालीचे गणितवेडे शिक्षक द. रा. कापरेकर यांची ‘हर्षद’ संख्या आपल्याला ठाऊक असते: स्वतःच्या अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो ती. अमरावतीच्या अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले २३४०० म्हणजे ४४४६००. अकोल्याची बेरीज १३, आणि १३ गुणिले ३४१५४ म्हणजे ४४४००२. एक गाव हर्षाचा उंबरठा एका पावलाने ओलांडून गेलेले, दुसरे एका पावलाने अलीकडेच थबकलेले! या दोन शहरांची जुनी चुरस माहीत असलेल्याला इथे हसू आवरणार नाही.

पण खरी मौज पुढे आहे. ४४४००१ ही मूळ संख्या आहे. तिचे वर्गमूळ ६६६ च्या किंचित पुढे, आणि तिथवरची एकही मूळ संख्या तिला भागत नाही. शिवाय चाराने भागल्यास बाकी १ उरते. अशी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते आणि तीही एकाच प्रकारे, हे फर्माने सतराव्या शतकातच सांगून ठेवले आहे. अकोल्याची ती एकुलती एक जोडी म्हणजे ३३५ आणि ५७६ यांचे वर्ग: १,१२,२२५ अधिक ३,३१,७७६. त्यातला ५७६ क्षणभर निरखून पाहावा, कारण तो स्वतःच २४ चा वर्ग आहे; म्हणजे या रुक्ष भासणाऱ्या टपालक्रमांकाच्या पोटात २४ चा चतुर्थ घात निवांत बसलेला आहे, आणि अकोल्याच्या पोस्टात शिक्के मारणाऱ्या हातांना त्याचा पत्ताही नाही.

अमरावती अशी अभेद्य नाही. ४४४६०१ म्हणजे १७ गुणिले २६१५३. हे दोन्ही अवयव मूळ, दोन्ही चाराने भागल्यास १ उरवणारे; म्हणून इथे वर्गांच्या जोड्याही दोन. पहिली ६२४ आणि २३५ ची, जिच्यासाठी कागद-पेन्सिल लागतेच. दुसरी ४४० आणि ५०१ ची, आणि ती तर तोंडी करण्याजोगी: १,९३,६०० अधिक २,५१,००१. यात शेवटच्या तीन स्थानांतून हातचा पुढे जातच नाही. १९३ आणि २५१ मिळून ट्रिपल फोर होतात, ६०० आणि ००१ मिळून ६०१.