एकहाती चित्रकथा आणि फुग्यातील मराठी

मराठी वाचकाच्या परिचयाची चित्रकथा ही प्रायः भाषांतरित चित्रकथा आहे. १९६४ मध्ये सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधील वेताळ मराठीत बोलू लागला तो इंग्रजी फुग्यांच्या मापाने. १९६७ मध्ये अनंत पै यांनी आरंभिलेल्या अमर चित्र कथेच्या मराठी आवृत्त्यांचेही मूळ इंग्रजी संहितेतच होते. चित्र आधी, फुगा त्यानंतर आणि मराठी वाक्य सर्वांत शेवटी, असा हा क्रम. त्याचे भाषिक परिणाम क्षुल्लक नाहीत. इंग्रजी चित्रकथेतील अक्षरे बहुधा मोठ्या लिपीतील, म्हणजे एकाच उंचीची असतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा आणि अनुस्वार, तर खाली उकार येत असल्यामुळे दोन ओळींत अधिक अंतर सोडावे लागते. ठरलेल्या फुग्यात मराठी वाक्य मावत नाही, म्हणून ते छाटले जाते. आणि छाटणीत प्रथम बळी पडतात ती ‘ना’, ‘की’, ‘बरं’, ‘हो’ यांसारखी अव्यये. व्याकरणदृष्ट्या ती काढून टाकण्याजोगी खरी, परंतु मराठी बोलण्याचा सारा सूर त्यांच्यावरच तोललेला असतो. चित्रकथेतील मराठी पुष्कळदा तारेच्या मजकुरासारखी वाटते, त्याचे कारण भाषांतरकाराच्या अकौशल्यात नव्हे, तर कामाच्या या विभागणीत शोधले पाहिजे.

कथा रचणे, चित्रे काढणे, अक्षरे लिहिणे, छापून घेणे आणि विकणे ही सर्व कामे एकच व्यक्ती करते, तेव्हा ही विभागणी उरत नाही. वाक्य लांबले तर फुगा वाढविता येतो. फुगा वाढला तर चित्रातील माणूस थोडा बाजूला सरकविता येतो. स्वतंत्र चित्रकथाकाराला मिळालेल्या स्वातंत्र्याविषयी जे बोलले जाते ते बहुधा विषयाच्या निवडीबद्दल असते. भाषेच्या अभ्यासकाला मात्र हे दुसरे स्वातंत्र्य अधिक मोलाचे वाटेल. असे असता आपल्याकडील दोन ठळक स्वतंत्र चित्रकथा इंग्रजीतच का बोलतात, हा प्रश्न टाळता येत नाही.

यांपैकी पहिली ओरिजित सेन यांची ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ (१९९४). कथा आणि चित्रे दोन्ही सेन यांचीच. छपाईपुरता आधार कल्पवृक्ष या पर्यावरणवादी संस्थेचा. विषय नर्मदेवरील धरणाचा. या धरणाच्या, म्हणजे सरदार सरोवराच्या, बुडितात महाराष्ट्रातील ३३ गावे आली. ती अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील, तेव्हाच्या धुळे आणि १९९८ नंतरच्या नंदुरबार जिल्ह्यातील. पुस्तक कृष्णधवल आहे. विष्णू नावाचा पत्रकार धरणाची बातमी शोधीत जातो, हा त्याचा एक धागा. कुजूम चंटू ही सृष्टी निर्माण करणारी आणि मलगू गायन हा गायक, हा दुसरा. दोन धाग्यांची रेषाही भिन्न ठेवलेली आहे. वर्तमानाची रेषा काटेकोर, बातमीदाराच्या टिपणवहीसारखी. पुराणकथेची रेषा सैल आणि वाहती. रेषेतील हा भेद इतका अर्थपूर्ण आहे की भाषेतील भेदाचा अभाव त्यामुळे अधिकच जाणवतो. पत्रकाराचे इंग्रजी आणि आदिवासी गायकाचे इंग्रजी यांत शैलीचे अंतर आहे, परंतु भाषेचे नाही. चित्राने जे सांगितले ते फुग्याने अर्धे मागे घेतले, असे म्हणावे लागेल. एवढे असूनही हे पुस्तक भारतीय चित्रकथेतील एक अव्वल कृती आहे याविषयी दुमत होऊ नये. दीर्घकाळ ते दुर्मीळ होते. २०२२ मध्ये चेन्नईच्या ब्लाफ्ट प्रकाशनाने ते पुन्हा काढले. एकहाती पुस्तकाची ही नेहमीची गत आहे: पहिली आवृत्ती संपली की दुसरीसाठी भांडवल नसते.

दुसरे उदाहरण मुंबईच्या अभिजित किणी यांच्या ‘अँग्री मावशी’चे (२०१२). ही मावशी भ्रष्ट पुढाऱ्यांचा समाचार घेते. किणी यांनी ती स्वतःच्या स्टुडिओमार्फत छापली आणि कॉमिक कॉनसारख्या मेळाव्यांतून वाचकापुढे आणली. तेथे पुस्तकाबरोबर चित्रांच्या इतर वस्तूही मांडल्या जातात. पुस्तकाच्या तुटपुंज्या उत्पन्नाला त्यांचा टेकू मिळतो, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. मात्र मावशी नात्याने मराठी असली तरी बोलते मुख्यतः इंग्रजीत. ‘मावशी’ हे संबोधन येथे नाते दाखवीत नाही, तर वेशभूषेचे काम करते. आई, मावशी, काकू, आत्या यांतील फरक ज्या भाषेत वागण्याचा फरक ठरतो, त्या भाषेतून तो शब्द उचलून परभाषेत ठेवला की त्याची धार पुष्कळशी जाते.

इंग्रजी का, याचे उत्तर बाजारात आहे. प्रती जितक्या कमी तितका एका प्रतीचा छपाईखर्च अधिक. त्यावर दुकानदाराचे कमिशन. काही शे प्रती काढणाऱ्या चित्रकाराला अधिक किंमत देणारा गिऱ्हाईक हवा असतो, आणि तो महानगरांत इंग्रजी वाचणारा असतो. हा हिशेब खोटा नाही. परंतु त्यात एक गृहीत दडलेले आहे, ते असे की बोलीतील चित्रकथा बोलीबाहेरच्या वाचकाला कळणार नाही.

हे गृहीत तपासण्यास कर्जत तालुक्यातील भिवपुरी सोयीचे आहे, कारण सेन यांच्या विषयाचे एक जुने रूप तेथे उभे आहे. घाटमाथ्यावर मावळात आंध्रा नदीचे पाणी ठोकरवाडीच्या धरणाने अडविले आणि ते खाली सोडून भिवपुरीचे टाटा वीजगृह १९२२ मध्ये सुरू झाले. वीज काढून झालेले पाणी पुढे पेज नदीतून वाहते. याच काळात मुळशीचा सत्याग्रह चालू होता. या पाण्याची कथा कोणी भिवपुरीत बसून एकट्याने काढावयाची ठरविली, तर फुग्यांतून कोणत्या भाषा येतील? वर मावळी शेतकऱ्याची, खाली ठाकर आणि कातकरी यांच्या दोन बोली, वीजगृहात साहेबाचे इंग्रजी आणि कामगारांची सरमिसळ.

मराठी ग्रामीण कथेने हा प्रश्न निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद बोलीत ठेवून सोडविला. शुद्धलेखनाच्या मान्य नियमांनीही पात्रांच्या तोंडी ‘असं’, ‘केलं’ अशा रूपांना वाट दिली आहे. परंतु चित्रकथेत निवेदनाचे बहुतेक काम चित्रच करते. अक्षरांत उरतो तो संवाद. कथेत बोली हा मजकुराचा एक भाग असतो, तर चित्रकथेत ती जवळजवळ सगळा मजकूर होते. याने वाचक बिचकेल असे प्रथमदर्शनी वाटते. वस्तुतः कादंबरीच्या वाचकाला अपरिचित शब्द केवळ संदर्भाने ताडावा लागतो, तर येथे तो शब्द उच्चारणारा माणूस, त्याचा हात ज्याकडे गेला ती वस्तू आणि ऐकणाऱ्याचा चेहरा, हे सर्व त्याच चौकटीत असते. बोली परक्या वाचकापर्यंत पोचविण्यास चित्रकथेइतके अनुकूल छापील माध्यम दुसरे नाही. तेव्हा पावसाळ्यात धबधब्यासाठी भिवपुरी रोड स्थानकावर उतरणारा मुंबईकर हा इंग्रजी चित्रकथेचाच गिऱ्हाईक आहे, असे धरून चालण्याचे कारण उरत नाही.

पिंगुळीच्या ठाकरांची चित्रकथी येथे आठवल्यावाचून राहत नाही. सुट्या चित्रांची पोथी एकामागून एक दाखवीत चित्रकथी स्वतः गातो आणि सांगतो. चित्रात अक्षर नसते. भाषा समोरच्या श्रोत्याकडे पाहून ठरते. मेळाव्यातील टेबलामागे उभा असलेला चित्रकार त्याच्या बराच जवळचा आहे. फरक असा की त्याची भाषा छापखान्यातच ठरून आलेली असते.

म्हणूनच लेखनाचा प्रश्न चित्रकाराला आधी सोडवावा लागेल. उत्तर कोकणातील आगरी बोलीत ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘ल’ होतो: पाण्याला ‘पानी’, जवळला ‘जवल’. फुग्यात एकटेच ‘पानी’ आले तर मुंबईचा वाचक ते हिंदी म्हणून वाचील. ‘पानी’च्या शेजारी ‘जवल’सारखे एखादे रूप त्याच फुग्यात असले, तर वाचकाचा कान वेळीच वळेल. त्यासाठी वाक्य दोन शब्दांनी लांबवावे लागेल आणि फुगा एका ओळीने वाढवावा लागेल.